कोरा मध

जयनगर, बंगळूर
रविवार, मार्च १९९९

तीर्थरूप भगवंतरावमामांना विद्याधरचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा वाकवलं तेवढं पदरात घ्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं बेळगावला नक्की झालं का, की अजून 'माशी दिसते तोवर डोळा शाबूत' हेच चालू आहे? (प्रेमा म्हणते, तुमच्या माश्या तुम्हाला आवाजावरून कळतात, तेव्हा हा पुरावा ती धरत नाही.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पाणी दिवसाआड येतं, वीज तिच्या मर्जीने येते आणि मी घरी येतो तो नुसता हातपाय घेऊन येतो, बाकीचा माणूस कचेरीतच राहतो. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन म्हणजे चंदगडच्या बाजारातलं किराणा दुकान. तिथे तुम्हाला बोलावून घ्यायचं आणि अर्ध्या बाजाराच्या साक्षीने हे सगळं ओरडून सांगायचं, ते मला झेपलं नसतं. म्हणून पत्र. लांबेल. चष्मा लावून, सावकाश, शक्यतो जेवण झाल्यावर वाचा.

तुम्ही दर भेटीत विचारता की बाबा रे, तू त्या सरकारी प्रयोगशाळेत नेमकं करतोस काय, आणि मी दर भेटीत 'संशोधन' म्हणून विषय बदलतो. या खेपेला सांगतो, कारण या खेपेला विषय तुमच्या अंगणातला आहे. गेलं वर्षभर मी मधात विष शोधतो आहे. शेतावर फवारलेली औषधं, माश्यांच्या रोगावर पेटीत घातलेली औषधं, असलं काहीबाही मधात उतरतं आणि परदेशी लोक मग पिंपंच्या पिंपं परत पाठवतात, म्हणून ते आधीच शोधायचं. याची जुनी पद्धत अशी होती की चमचाभर मधातलं कणभर औषध काढायला त्यात बाटलीभर द्रावक ओतायचं, घुसळायचं, गाळायचं, आटवायचं. ते द्रावक मधातल्या विषाहून जहाल. त्याच्या वासाने आमचा सहायक पवनकुमार दुपारी तीननंतर उगाचच हसत असे, आणि उरलेलं सगळं मागच्या नाल्यात जात असे. डोंगर पोखरून उंदीर काढायचा आणि पोखरलेला डोंगर नाल्यात लोटून द्यायचा, असं ते शास्त्र होतं.

मग आमचे संचालकसाहेब एका परदेशी परिषदेला गेले आणि पर्यावरणवादी होऊन परतले. (काही लोक परदेशाहून चॉकलेटं आणतात.) आल्या आल्या हुकूम निघाला की यापुढे या इमारतीतून द्रावकाचा थेंबही नाल्यात जाणार नाही. तो हुकूम झाडं वाचवण्याच्या आवाहनासह जाड गुळगुळीत कागदावर छापून प्रत्येक दारावर चिकटवला गेला, आणि मला बोलावून सांगण्यात आलं की विद्याधर, तुमचा मध आजपासून पर्यावरणस्नेही. मी मान डोलावली. नोकरीत मान हा एकच अवयव मला कधी दगा देत नाही.

पद्धत मात्र खरोखर सुंदर आहे, मामा, हे कबूल करतो. मध कोमट पाण्यात विरघळवायचा आणि त्यावर केसाएवढी बारीक, लेप दिलेली एक काडी टांगायची. बास. बाटल्या नाहीत, वास नाही. पाण्यातलं विष त्या काडीला येऊन चिकटतं, मग काडी यंत्रात घालायची की यंत्र कागदावर रेघ काढतं आणि जिथे काही सापडेल तिथे रेघेला उंचवटा येतो. आता ही काडी परदेशाहून येते, ती फुंकरीने मोडते आणि पहिली पवनकुमारच्या शिंकेने मोडलीसुद्धा. दुसरी येईपर्यंत आम्ही पावसाळाभर हात जोडून बसलो. काडी आली तर वीज जाऊ लागली. मग यंत्र बंद पडू नये म्हणून अंगणात डिझेलचा जनरेटर आला, तो दिवसभर काळा धूर ओकतो आणि त्या धुरात आम्ही आत खिडक्या लावून बसून पर्यावरणस्नेही काम करतो. मधाचे नमुने गोळा करायला जीप आनेकलला जाते, तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला के. आर. पुरमला जाते आणि येताना बहुधा बंद पडते. एकदा साहेबांना मी हळूच म्हटलं की वाचवलेल्या द्रावकापेक्षा जाळलेलं डिझेल जास्त झालं असावं. ते म्हणाले, डिझेल दुसऱ्या खात्यात मोडतं.

मध आला म्हणजे मुंग्या आल्याच. टेबलावर चढल्या, तराजूत बसल्या, एक तर यंत्राच्या तोंडाशी सापडली. फवारणी करायची सोय नाही, कारण फवारलं की तेच यंत्रात दिसणार. शेवटी आई स्वयंपाकघरात कपाटाला करायची तेच केलं. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांचा बूट एका वाटीत गेला आणि हा प्रकार पर्यावरणस्नेही आहे असं सांगून मी त्यांना गप्प केलं. मुंग्या थांबल्या. हे सगळं पाल्हाळ मी उगाच लावत नाही, मामा. थोडा दम धरा.

तर असं शोधायला बसलं की एक कोरा मध लागतो. कोरा म्हणजे ज्यात काहीही नाही असा. वाणी तेल मोजताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो ना, म्हणजे भांड्याचं वजन बाजूला पडून नुसतं तेल मोजलं जातं, तसा तो कोरा मध आमचा धडा. त्याची रेघ यंत्र कागदावर न काढता नुसती लक्षात ठेवतं आणि बाकी सगळ्यांच्या रेघेतून ती परस्पर वजा करतं. बैठकीत साहेबांनी विचारलं, असा खात्रीचा मध मिळणार कुठे? आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, आमच्या मामांकडे. सांगा, दुसरं काय म्हणणार होतो? लग्न होऊन या घराचा जावई झालो त्या दिवसापासून ऐकतो आहे. तिची आई गेल्यावर प्रेमाला तुम्ही सांभाळलंत ते या मधावर, तिची सर्दी, तिचा गोवर, तिची मॅट्रिक, सगळं या मधावर निभावलं. तुमच्या मधाबद्दल शंका घेणं म्हणजे आमच्या घरात देवघराकडे पाय करून झोपणं आहे. घरापुरता मध बरणीत काढून ठेवून मी शेल्फवरचा तुमच्या मधाचा डबा उचलला, कचेरीत नेला, त्यावर चिठ्ठी लावली, आणि फाइलीत स्वच्छ अक्षरात नोंद झाली की शुद्ध मधाचं उगमस्थान चंदगड तालुका, भगवंतरावांच्या पेट्या. ती नोंद मी प्रेमाला वाचून दाखवली. त्या रात्री शिरा झाला.

आणि मग काय विचारता. आनेकलचा मध स्वच्छ निघाला. दुकानातला स्वच्छ. बाटलीतला, बरणीतला, सगळा स्वच्छ. साहेब खूश, दिल्लीला पत्रं गेली. मी मात्र थोडा खट्टू होतो, कारण विष शोधणाऱ्याला विष सापडू नये म्हणजे चोर नसलेल्या गावातला हवालदार. तेवढ्यात के. आर. पुरम स्टेशनाबाहेर फुटपाथवर एक इसम पातेल्यात पोळ्याचा तुकडा ठेवून विकतो, त्याचा नमुना लावला. तो गुळाचा पाक होता, मामा. माशीचा त्याच्याशी संबंध नाही, पोळ्याचा तुकडासुद्धा रोज तोच. आणि तो निघाला स्वच्छाहून स्वच्छ. रेघ शून्याच्या खाली गेली. म्हणजे जगात असू शकेल त्यापेक्षाही त्यात विष कमी होतं. साहेब म्हणाले यंत्र बिघडलं असेल. यंत्र तपासलं, काडी बदलली, काच धुतली, पुन्हा तेच.

पवनकुमार दोन दिवस माझ्याभोवती घुटमळत होता. (तो इथल्याच जुन्या मराठी घरातला, त्याच्या मराठीत कानडी मीठ भरपूर.) शेवटी म्हणाला, "सर, कोप करू नका, तुमच्या मामांचा डबा स्वल्प तपासून बघूया काय?" मी कोप केलाच. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो "सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणून काचा धुवायला लागला आणि मी जेवायला गेलो, पण जेवणाचा डबा उघडला तसाच बंद केला. कारण त्याने विचारलं ते मलाही केव्हाचं कळत होतं. दुपारी तो बाजारात गेला असताना मी स्वतः साखरेचं साधं पाणी धडा म्हणून लावलं आणि तुमचा मध नमुना म्हणून. रेघ सरळ गेली, सरळ गेली आणि मग मध्येच असा उंचवटा उभा राहिला की कागदाच्या वरून बाहेर जातो की काय. त्याचं नाव लांबलचक आहे. तुमच्या-माझ्या भाषेत मुंग्यांची पावडर.

गेल्या दिवाळीत आम्ही तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही मला पेट्या दाखवायला मागे नेलंत. पेटीच्या स्टँडच्या चारी पायांभोवती जाड पांढरी रांग होती, वर झाकणाच्या कडेलाही थोडी भुरभुरलेली. तुम्ही म्हणालात, एकही मुंगी वर चढत नाही, काय बिशाद. माळ्यावरच्या जुन्या पोत्यातली ती, आता मिळतही नाही. मिळत नाही, कारण सरकारने ती बंद केली आहे, मामा. ती वाऱ्याने उडते, माशीच्या पायाला लागते आणि आत जाते. तुम्ही माश्यांसाठी केलंत. मुंग्यांनी एक पेटी साफ केली तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात, हे प्रेमाने मला सांगितलं आहे. तेव्हा कोणी तुम्हाला बोल लावत नाही, आणि मी तर नाहीच. मधात आहे ती मात्रा अगदी थोडी आहे. घाबरण्यासारखं काही नाही. पण रोज पोराबाळांच्या जिभेवर ठेवावं असंही ते नाही, हे मला खोटं लिहिता येत नाही.

सगळा हिशेब उलटला हे सांगायला नकोच. धड्यातच पावडर, म्हणजे मी सर्वांच्या विषातून तुमच्याइतकं विष वजा करत बसलो होतो. आनेकलचा मध मुळीच स्वच्छ नाही. दुकानातलाही नाही. वर्षभराचं काम पुन्हा करायचं आहे आणि या वेळी कोरा मध म्हणून आम्ही काय वापरतो सांगू? के. आर. पुरमचा गुळाचा पाक. बंगळूर शहरात खात्रीचा तेवढाच निघाला. फुटपाथवरचा तो इसम हल्ली मला बघून हसतो, त्याला वाटतं साहेबांना मध फार आवडला.

घरी सांगणं हे त्याहून कठीण होतं. चहाच्या वेळी सांगितलं. प्रेमा म्हणाली, "तुमचं यंत्र धुतलं होतं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "नीट धुतलं होतं का?" मी पुन्हा हो म्हटलं. मग ती कुकर लावायला गेली आणि भांडी जरा जास्तच वाजली. दुसऱ्या दिवशी मला खोकला होता. तिने आल्याचा रस काढला, वाटीत आणून दिला, आणि त्यात मध नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं की तिने माझं खरं मानलं आहे, आणि मामा, मला इतकं वाईट वाटलं की माझं खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तुमचा डबा मी परत आणून शेल्फवर ठेवला आहे. कोणी खात नाही आणि कोणी टाकतही नाही. तिने त्याच्याभोवतीची धूळ आज पुसली.

आणि शेजारधर्माचं निराळंच. आमचे घरमालक वासुदेवराव खालीच राहतात, त्यांच्या तुंगाबाईंना थंडीपासून खोकला, आणि तुमच्या मधाशिवाय त्यांना उतार पडत नाही. परवा वाटी घेऊन वर आले. "विद्याधर, आमच्या तुंगाला स्वल्प मध पाहिजे बघा, रात्रभर खोकतीया." प्रेमाने संपला म्हणून सांगितलं, आणि डबा त्यांच्या नजरेसमोर शेल्फवर बसलेला. ते डब्याकडे बघून "सरी, सरी, काय परवा नाही" म्हणाले आणि जिना उतरले. त्यांचा समज झाला आहे की पाण्याच्या मोटरवरून गेल्या महिन्यात जरा बोलाचाली झाली, तिचा आम्ही सूड घेतो आहोत. खरं सांगावं तर तुमची अब्रू जाते आणि न सांगावं तर आमची. काल मोटर सकाळी उशिरा सुरू झाली आणि मी तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकली. तक्रार नाही. आता तक्रार करायचीही ताकद राहिलेली नाही.

तर एवढंच मागणं. ती पावडर झाडून काढा, पायांखालची माती वरवर खरवडून लांब खड्ड्यात पुरा (हाताला फडकं बांधा, नाकालाही), आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. पोतं कोणाला देऊ नका, वाण्यालाही नाही. या मोसमाचा मध कोणाला विकू नका, वाटू नका. पुढच्या मोसमाला पहिली बाटली मला पाठवा, मी स्वतः लावून बघतो. तुम्ही रागवाल हे गृहीत धरलं आहे. एखादा महिना पत्र आलं नाही तर गुडघा दुखत असेल असं आम्ही एकमेकांना सांगू. राग निवला की दोन ओळी टाका. तुमच्या पायांशी आहे तसाच,

विद्याधर

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली असं नाही, लिहवली नाही. पुढच्या आठवड्यात गुरुवारी संचालकसाहेब आणि दिल्लीची समिती तुमच्याकडे येत आहे. फाइलीत 'शुद्ध मधाच्या उगमस्थानास भेट' असा दौरा केव्हाचा मंजूर होता. मी साहेबांच्या खोलीत जाऊन झालं ते सगळं खरं सांगितलं, वाटलं दौरा रद्द होईल. पण मंजूर झालेला दौरा रद्द करायला म्हणे नव्याने मंजुरी लागते. त्यांनी पेन काढलं आणि एक शब्द बदलला. आता ती 'दूषित मधाच्या उगमस्थानास भेट' आहे. पर्यावरणस्नेही पद्धतीची माणसं दोन जीप भरून निघणार आहेत, त्यांत मीही आहे. मी म्हटलं, साहेब, ते माझे मामा आहेत. ते म्हणाले, व्हेरी गुड, मग जेवणाची सोय होईल.

ता. क. दुसरा. प्रेमाने पत्र वाचलं. ती म्हणते, पावडर समितीसाठी काढायची नाही, आजच काढायची, आणि समितीने विचारलं तर काय सांगायचं हे तुम्हाला शिकवायचा आगाऊपणा मी करू नये, तिचा मामा खरं तेच सांगेल. जेवणाला तिखट बेताचं ठेवावं, एवढं तिने लिहायला सांगितलं. मग खाली गेली आणि तुंगाबाईंपाशी बराच वेळ बसून आली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. मोटर आज वेळेवर सुरू झाली.

ता. क. तिसरा, आणि हे लांबलचक पत्र खरं तर या एका गोष्टीसाठी आहे. पाहुणा ओसरीवर टेकला की तुम्ही आतून मधाची वाटी आणता. गुरुवारी आणू नका, मामा. ताक द्या, फणसाचे गरे तळा, काहीही करा. ती माणसं कागद वाचून येणार आहेत, वाटी पुढे आली की एकमेकांकडे बघतील आणि हात आखडता घेतील. तुमच्या ओसरीवर तुमच्या मधाला आजवर कोणी नको म्हटलेलं नाही, आणि ते मला बघायचं नाही. पावडरीचं जे आहे ते त्यांना खुशाल सांगा. पण दारी आलेल्याला मध न देता उठवणं तुमच्या जिवावर येईल, काहीतरी कारण द्यावंसं वाटेल, तर सांगा की या खेपेचा सगळा मध जावयाने उचलून नेला, चाटायलासुद्धा ठेवला नाही. मी तिथेच बसलेला असेन. मान खाली घालीन.